वर्षअखेरचे संकल्प आणि गीतेतली पाच कारणं

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६



नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा आपल्यासारख्या आयटीवाल्यांसाठी अर्धी दिवाळीच असतो. क्लायंट सुट्टीवर, मीटिंगा बंद, उरलेल्या रजा संपवायच्या असतात. हिंजवडी-खराडीतली निम्मी पोरं गावाकडे निघतात. हे चिंतनही मी गावाहूनच, केमहून लिहितोय. पुण्याहून सोलापूरकडे जाताना जेऊर गेलं की थोड्या वेळानं लागणारं करमाळा तालुक्यातलं हे गाव. उत्तरेश्वराचं आणि कुंकवाचं.

याच आठवड्यात अजून एक काम होतं. मोबाईलमध्ये नवीन नोट उघडली जाते आणि वर लिहिलं जातं, "नवीन वर्षाचे गोल्स". वजन कमी करणं, एखादं सर्टिफिकेशन, एसआयपी वाढवणं, रोज पहाटे उठून नामस्मरण, गीतेचा एक अध्याय पाठ. यादी चांगलीच असते. पण तिच्या प्रत्येक ओळीच्या आधी एक न लिहिलेला शब्द असतो, "मी". मी करणार, मी उठणार, मी मिळवणार.

आजचे चार श्लोक नेमके या "मी"बद्दल आहेत.

श्लोकांचा भावार्थ

भगवंत अर्जुनाला सांगतात, की कोणतंही कर्म तडीस जायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली-व्यापार, आणि पाचवं दैव. माणूस शरीरानं, वाणीनं, मनानं जे काही करतो, बरं असो की वाईट, त्यामागे ही पाचही असतात. आणि असं असताना जो एकट्यालाच कर्ता समजतो, त्याची दृष्टी अजून तयार झालेली नाही. त्याला नीट दिसत नाही.

शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे देह, करण म्हणजे इंद्रियं, चेष्टा म्हणजे प्राणापानादी वायूंचे व्यापार आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्या देवता, असा अर्थ आहे. तिथे भर शुद्ध आत्म्याच्या अकर्तेपणावर आहे. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात अधिष्ठानाचा अर्थ साधा "स्थान" असा घेतला आहे. शास्त्रार्थ आपल्या जागी. आज आपण हीच पाच नावं आपल्या घराला लावून पाहू.

केमचं कुंकू काय सांगतं?

कुंकू करायची जुनी रीत हळदीपासूनची. हळद पिवळी. चुना पांढरा. दोन्हींत लाल रंग शोधून सापडत नाही. पण दोन्ही ओलाव्यात एकत्र आले की लाल होतं. इंजिनिअर मंडळींसाठी सांगायचं तर हळदीतलं कुर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. आज बाजारातल्या बऱ्याच कुंकवात पीठ आणि तयार रंगही असतो, पण मूळ गोष्ट तीच.

आता विचारा, हा लाल रंग कोणाचा? हळद म्हणाली "माझा", तर ते खोटं नाही, पण पूरतंही नाही. चुना नसता तर ती पिवळीच राहिली असती. पाणी, खलणारे हात, वाळवणारं ऊन, यातलं एकही गाळून चालत नाही.

आपल्या कामात आपल्याला हे पक्कं ठाऊक असतं. कोड एकाचं, पण सर्व्हर, लायब्ररी, नेटवर्क, टेस्टिंग, सगळं जागेवर असेल तरच प्रॉडक्शनमध्ये चालतं. "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणणाऱ्याला आपण हसतो. गंमत म्हणजे प्रोजेक्टच्या प्लॅनमध्ये आपण प्रत्येक डिपेंडन्सी लिहितो आणि आयुष्याच्या प्लॅनमध्ये एकही लिहीत नाही.

गावातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. सध्या शिवारात रब्बीची ज्वारी उभी आहे. ती कशावर आली असं विचारलं तर तो आधी रानाचं सांगतो, मग ओलीचं, बियाण्याचं, खुरपणीला आलेल्या बायकांचं. स्वतःचं नाव शेवटी घेतो, तेही घेतलं तर. अठराव्या अध्यायाची पोथी त्यानं उघडलेली असेल-नसेल, पण पाच कारणं त्याच्या बोलण्यात असतात.

गोलच्या यादीत घर कुठे आहे?

एक साधा संकल्प घेऊ. "रोज पहाटे ५ ते ७ अभ्यास, मार्चमध्ये परीक्षा." हा माझाच या वर्षीचा आहे.

अधिष्ठान: दोन खोल्यांचं भाड्याचं घर. अभ्यासाची जागा म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेलं जेवणाचं टेबल.
कर्ता: मी.
करण: लॅपटॉप, डोळे, झोप.
चेष्टा: इथे पेन थांबलं. कारण ५ ते ७ या वेळात घरात माझ्या अभ्यासाशिवाय डबा, मुलाची अंघोळ, दप्तर, पाण्याची बाटली आणि ७ वाजून १० मिनिटांची स्कूल व्हॅन, एवढं सगळं चालू असतं. म्हणजे माझा संकल्प पुरा व्हायचा तर पहाटेची सगळी हालचाल बायकोच्या हातांनी व्हायला हवी. आणि तिलाही ९ला ऑफिस गाठायचं असतं.
दैव: मुलाची तापाची रात्र, रिलीजची धांदल, आईचा गुडघा.

कागदावर असं मांडलं की एक गोष्ट लख्ख दिसते. संकल्प माझ्या नावावर, पण त्याचे हप्ते दुसरंच कोणी भरणार. आणि त्या व्यक्तीला कुणी विचारलेलंही नसतं.

मग आम्ही दोघं बसलो. तिचाही कागद झाला. तिला शनिवारी संध्याकाळी गाण्याचा क्लास पुन्हा सुरू करायचा आहे. मुलगा झाल्यापासून तो बंद आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ठरलं ते असं: माझा अभ्यास रात्री साडेनऊनंतर, परीक्षा मार्चऐवजी जूनमध्ये, शनिवारी संध्याकाळी मुलगा माझ्याकडे. तीन महिने उशीर झाला, पण आता हा संकल्प घराच्या पाठीवर बसलेला नाही, घराच्या पायांवर उभा आहे.

नंतर आईला विचारलं, "आई, पुढच्या वर्षी तुला काय करायचंय?"

"माझं काय असतंय रे? तुमचं नीट होऊ द्या."

यावर आपण सगळे थांबतो. "आईचं काही नाही" असं समजून पुढे जातो. थोडा वेळ जाऊ दिला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "एकदा नेवाशाला जायचं होतं. इतकी पारायणं झाली, तो खांब काय बघितला नाही."

नेवासे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. पैस खांबाला टेकून ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरी सांगितली, ते ठिकाण. इथून एका दिवसात होण्यासारखं. पण ते कुणाच्याच यादीत नव्हतं, कारण यादी करणाऱ्यांत आई कधी नव्हतीच.

आईचं बोलणं, मुलाचा संकल्प

इथे विनोबांची आठवण येते. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता समजत नव्हती. मराठीत आणून दिलेलीही अवघड वाटली. तूच सोप्या मराठीत का करत नाहीस, असं त्यांनी मुलाला विचारलं. १९१८ मध्ये आई गेल्या. पण ते बोलणं मुलाच्या मनात राहिलं, आणि १९३०च्या ऑक्टोबरपासून १९३१च्या फेब्रुवारीपर्यंत विनोबांनी गीताई लिहिली. आई जाऊन १२ वर्षं झाली होती.

पुढे १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, अशी १८ प्रवचनं त्यांनी कैद्यांसमोर दिली. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून आज "गीता प्रवचने" आपल्या हातात आहे.

पाच कारणं लावून बघा. अधिष्ठान धुळ्याचा तुरुंग. कर्ता विनोबा. साधन साने गुरुजींची लेखणी. चेष्टा म्हणजे न चुकता आलेले १८ रविवार. आणि दैव हे, की दोघंही एकाच वेळी एकाच तुरुंगात होते. यातलं एक काढलं तर पुस्तक उरत नाही.

ज्ञानेश्वरीचंही तसंच. शके १२१२ मध्ये ग्रंथ पुरा झाला. एवढं मोठं काम झाल्यावर ज्ञानोबा श्रेय निवृत्तिनाथांना देतात, आणि अखेरीला लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांची नोंद आदरानं होते. पसायदान येतं तेही याच अठराव्या अध्यायाच्या शेवटी, आणि त्यात मागणं आहे ते सगळ्यांसाठी.

एक शंका: मग जबाबदारी कुणाची?

तुमच्यातले काही म्हणतील, "हे तर पळवाटीसारखं झालं. जमलं नाही की दैवावर ढकला, घरच्यांवर ढकला."

पण श्लोक नीट बघा. पाचांच्या यादीत कर्ता आहेच. त्याला गाळलेलं नाही. आणि दैव पाचवं आहे, पहिलं नाही. चार कारणांपाशी आपल्याला जे करता येतं ते केल्यानंतर पाचव्याचा विचार. पेरणीच न करता पावसाला बोल लावणाऱ्याला गावात कुणी शेतकरी म्हणत नाही.

उलट या दृष्टीनं ओझं दोन्ही बाजूंनी हलकं होतं. संकल्प पार पडला तर "मीच केलं" हा ताठा राहत नाही. कुणाकुणाचे आभार मानायचे ते दिसतं. आणि नाही जमलं तर "मीच नालायक" असं स्वतःला कोसत बसावं लागत नाही. पाचातलं कोणतं कारण कमी पडलं ते शांतपणे बघता येतं. बग सापडतो, कारण आपण एकाच फाईलमध्ये शोधत नसतो. फेब्रुवारीत जिम सोडणाऱ्या मित्राला अशा वेळी शिव्यांपेक्षा हा श्लोक जास्त उपयोगी पडेल.

आजची साधना

सुट्टी संपायच्या आत एक संध्याकाळ काढा. मोबाईल बाजूला, साधा कागद घ्या.

१. फक्त तीन संकल्प लिहा. त्यातला एक तरी भक्तीचा असू द्या.

२. प्रत्येकापुढे पाच रकाने करा: जागा, कर्ता, साधनं, हालचाली, दैव.

३. "हालचाली"च्या रकान्यात हातांची नावं लिहा. डबा कोण करणार, आई-बाबांना दवाखान्यात कोण नेणार, मुलाला कोण सांभाळणार. "होईल मॅनेज" असं लिहायचं नाही. "होईल" म्हणजे कोण करणार?

४. ज्यांची नावं आली त्यांच्यासमोर तो कागद वाचा, आणि त्यांना चालेल का ते विचारा. नाही म्हणाले तर तारीख बदला, वेळ बदला, पण त्यांना गृहीत धरू नका.

५. घरातल्या प्रत्येकाला त्याचा संकल्प विचारा. "माझं काही नाही" हे उत्तर पहिल्या फटक्यात मान्य करू नका.

एकटे राहत असाल, घरचे लांब असतील, परदेशात असाल, तरी हा रकाना रिकामा नसतो. डबेवाल्या मावशी असतात, रूममेट असतो, रात्री फोनची वाट बघणारं कुणीतरी असतं. त्यांची नावं लिहा.

आढावा ३१ जानेवारीला नको. १४ तारखेला संक्रांत, तिथून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. रथसप्तमीच्या दिवशी हा कागद पुन्हा काढा. घरात कुंकवाचा करंडा असेलच. तो लाल रंग एकट्या हळदीचा नाही, एवढं आठवलं तरी आजचा श्लोक आठवल्यासारखा आहे.

आमच्या कागदावर चौथा संकल्प आईचा लिहिला आहे: नेवासे, माघ महिन्यात. जागा पैस खांब, कर्ती आई, साधन गाडी. चेष्टेच्या रकान्यात माझं नाव आहे, ड्रायव्हर म्हणून. आणि दैवाचा रकाना पांडुरंगावर सोपवला आहे.

प्रार्थना

हे पांडुरंगा, येणाऱ्या वर्षात हातून जे काही होईल, त्यामागचे हात मला दिसू देत. माझ्या संकल्पाचं ओझं न विचारता कुणाच्या खांद्यावर पडू नये. ज्यांनी घरात कधी काही मागितलं नाही, त्यांचं मागणं ऐकायला मला कान दे. आणि माझ्या वाट्याचं काम मी मनापासून करावं, बाकी तुझ्या पायाशी ठेवावं.

उद्याचं वाचन: अध्याय १८, श्लोक १७ आणि १८.

राम कृष्ण हरी!