परसबागेची भूमिती

भूमितीचें पुस्तक उघडलें म्हणजे त्यांतील त्रिकोण-चौकोन कोणत्या उपयोगाचे, असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत येतो, व तो विचारण्यांत कांहीं वावगें नाहीं. त्याचें एक उत्तर आपल्या घरामागील सांदवाडींत सांपडतें. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पावसाळ्यांत पाणी तुंबून रोपें कुजतात, आणि वैशाखांत तीच जागा भाजून निघते. याचा सगळा दोष बहुधा उन्हाला दिला जातो. परंतु वाफा कोठें काढला, किती सपाट काढला, व त्याच्या कोणत्या बाजूस उंच वेल चढविला, यावरही बागेचें आयुष्य अवलंबून असतें. आणि हे सारे मोजमापाचे प्रश्न आहेत.

आरंभ पाण्यापासून करावा. चंद्रपूरच्या गोंडकालीन तटाला उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा व पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे आहेत. जेथें दरवाजा तेथें रस्ता येतोच. त्याचप्रमाणें बागेंत जेथें विहीर किंवा नळ असेल तेथून वाटा निघाव्या, व वाटांच्या कडेनें वाफे यावे. समजा, पाणी वाफ्यांपासून २० मीटरांवर आहे व रोज आठ खेपा कराव्या लागतात. जाण्यायेण्याचें अंतर रोज ३२० मीटर झालें. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत ३२ किलोमीटर! चंद्रपूरहून बल्लारपुरास चालत जाऊन परत येण्याइतकी ही मजल, आणि तींतील निम्मी भरल्या हंड्यासह. वाफे ५ मीटरांवर आणले तर तीच मजल ८ किलोमीटरांवर येते. ज्या घरीं हा हंडा आई किंवा बहीण उचलते, त्या घरच्या मुलानें हा हिशेब अवश्य करून पाहावा.

वाफ्याची लांबी कितीही असो, रुंदी १.२ मीटरांहून अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनीं मध्यापर्यंत हात पोंचतो व माती तुडवावी लागत नाहीं. कोपरे काटकोनी काढण्यास गवंड्याचा गुण्या नसला तरी चालतें. एका दोरीस सारख्या अंतरावर खुणा करून बारा भाग पाडावे, टोंकें जोडावीं, आणि तीन, चार व पांच भागांवर खुंट्या ठोकून दोरी ताणावी. तीन व चार भागांच्या बाजू जेथें मिळतात तेथें काटकोन होतो. कर्णाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या आंखणीसाठीं सांगितलेला आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरीच. वाफा आंखून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले नाहींत तर कोठें तरी खुंटी सरकली असें समजावें.

आतां सपाटीचा विचार. ३ मीटर लांब व १.२ मीटर रुंद वाफ्याचें क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर. त्यावर ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचें तर १८ लिटर, म्हणजे सुमारें एक हंडा लागेल. परंतु वाफ्याच्या दोन टोंकांत ३ सेंटिमीटरांचाच उतार असला, तरी तो पाण्याच्या थराच्या सहापट होतो. सगळें पाणी खालच्या टोंकास सांचतें. वरचीं रोपें तहानेनें व खालचीं चिखलानें मरतात. दोष पाण्याच्या कमतरतेचा नसतो, आणि हंडे वाढवून तो दूर होत नाहीं.

ही गोष्ट आपल्या भागांतील धानकरी शेतकऱ्यांस कोणीं शाळेंत शिकविली नव्हती. गोंड राजांच्या काळापासून येथें जे तलाव झाले, त्यांच्या खालच्या अंगास धानाच्या बांध्या पायऱ्यांप्रमाणें उतरत जातात. प्रत्येक बांधी आपल्यापुरती समतल. वरचीचें पाणी भरलें कीं खालचीस जातें. १९५० च्या मध्यप्रदेशांतील कायद्यानें मालगुजारी संपली, तेव्हांपासून हे तलाव ‘माजी मालगुजारी’, व संक्षेपानें ‘मामा तलाव’ म्हणविले जातात. परसांत उतार असेल तर तो सगळा खणून काढण्याचा खटाटोप करूं नये; बांध्यांप्रमाणें दोन-तीन पायऱ्या कराव्या. पारदर्शक नळींत पाणी भरून तिचीं टोंकें दोन खुंट्यांशीं धरिलीं म्हणजे दोहोंकडील पाणी एकाच उंचीवर राहतें, व पाणसळीचें काम होतें. पावसाळी भाज्यांसाठीं मात्र वाफे वाटेपेक्षां वीतभर उंच घ्यावे व चर मोकळे ठेवावे.

सर्वांत अधिक लक्ष उन्हाकडे द्यावयाचें. चंद्रपूर व गडचिरोली हीं गांवें २० उत्तर अक्षांशाच्या जवळपास आहेत. त्यामुळें २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हींचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारें ४६ १/२ अंशांवर असतो, आणि ३ मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेस जवळजवळ तितकीच लांब पडते. घराच्या उत्तरेस लागूनच वांगीं-टोमॅटो लावणाऱ्यांस हिंवाळ्यांत फळें कां मिळत नाहींत, हें यावरून कळेल. उलट २० मेच्या सुमारास मध्यान्हीं सूर्य थेट डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहींशी होते. (सिरोंचा दक्षिणेस असल्यामुळें तेथें हा दिवस चार-पांच दिवस आधीं येतो.) त्या दिवसांत दक्षिणेची भिंत दुपारीं कांहींच साह्य करीत नाहीं. खरा मारा पश्चिमेचा. चारच्या सुमारास सूर्य सुमारें ३४ अंशांवर असतो, आणि २ मीटर उंचीच्या मांडवाची सावली पूर्वेस जवळजवळ ३ मीटर पोंचते. म्हणून दोडक्याचा किंवा कारल्याचा बांबूचा मांडव वाफ्यांच्या पश्चिमेस, उत्तर-दक्षिण लांब असा उभारावा. दक्षिण मोकळी ठेवावी. हिंवाळ्यांतील ऊन तिकडूनच येतें.

कुंपणाविषयीं थोडेंच. ४० मीटर कुंपणांत १५ मीटर लांब व ५ मीटर रुंद जागा घेतली तर ७५ चौरस मीटर मिळतात, १० मीटरांचा चौरस घेतला तर १००. बांबू तेवढाच, जमीन अधिक. वर्तुळांत याहूनही अधिक मिळेल. परंतु वर्तुळाकार कुंपणांत काटकोनी वाफे बसवितांना कडेच्या फटी वायां जातात, म्हणून माझ्या मतें चौरसच बरा. शोभेच्या चौकोनांची हौस असल्यास छत्रपती संभाजीनगर येथील बीबी-का-मकबऱ्याची चार भागांची बाग पाहावी. तेथें मधल्या वाटा व पाण्याचे पाट एकाच रेषेंत चालतात.

नकाशा चौकटीच्या कागदावर, एका सेंटिमीटरास एक मीटर या प्रमाणानें काढावा. त्यांत पाणी, घराची भिंत व उत्तर दिशा हीं प्रथम दाखवावीं, आणि जागेवर पूर्वींच असलेलीं झाडें त्यानंतर लगेच. पश्चिमेच्या कोपऱ्यांत मोहाचें झाड असेल तर तें नकाशासाठीं तोडूं नये. फाल्गुन-चैत्रांत त्याचीं पानें झडून फुलें पडतात, आणि ऐन मेमध्यें तें नव्या पालवीनें भरतें; तेवढ्या बाजूस मांडवाची गरजच राहत नाहीं.