अज्ञात वाहन

मराठी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी वारंवार आढळते : ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार.’ या वाक्यात मृत्यू पावलेला माणूस आहे, धडक देणारे वाहनही आहे; वाहन चालवणारा मात्र नाही. तो घटनास्थळावरून जसा निघून गेला, तसाच वाक्यातूनही निसटला आहे. त्याचा उल्लेख आलाच तर पुढच्या ओळीत, ‘चालकाने पोबारा केला’ असा येतो. पोबारा हा मुळात सोंगट्यांच्या खेळातील दानाचा शब्द. खेळातला शब्द मृत्यूच्या बातमीत येऊन बसला आहे, आणि वाचकाला त्याचे काही वाटेनासे झाले आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात धडक देऊन पळून जाण्याच्या ६७,३८७ घटना घडल्या आणि त्यांत ३०,४८६ माणसे मरण पावली. त्या वर्षी रस्त्यांवरील अपघातांत एकूण १,६८,४९१ मृत्यू झाले होते.

चालक पळतो तो काही प्रत्येक वेळी निर्ढावलेला असतो म्हणून नव्हे. अपघात होताच गर्दी जमते. दोष कोणाचा हे ठरण्यापूर्वीच मोठ्या वाहनाच्या चालकावर हात उगारला जातो. परमुलखातील रस्ता, अनोळखी भाषा आणि संतापलेला जमाव यांच्यासमोर उभा असलेला ट्रकचालक प्रथम स्वतःच्या जिवाचा विचार करतो. ही भीती खोटी नाही. परंतु रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसाचा जीवही खराच असतो, आणि तो त्या क्षणी बोलू शकत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने या दोन्ही गोष्टींची दखल घेतली आहे. त्याच्या कलम १३४ नुसार चालकाने जखमी व्यक्तीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवले पाहिजे. मात्र जमावाच्या क्षोभामुळे वा आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे ते शक्य नसेल, तर ही सक्ती नाही. घटनास्थळी पोलीस नसतील तर त्याने शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी. हे कर्तव्य टाळणाऱ्याला पूर्वी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा सहा महिने आणि ५,००० रुपये अशी वाढवली. याच कायद्याचे कलम १३२ अपघातात सापडलेल्या वाहनाला गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या सूचनेवरून थांबणे बंधनकारक करते. एवढेच नव्हे, तर वाहनामुळे आपले जनावर बुजेल असे वाटून एखाद्या राखणदाराने थांबण्यास सांगितले, तरी चालकाने थांबले पाहिजे. जनावरांच्या त्या यादीत शेळी-मेंढीपासून हत्ती व उंटापर्यंत सारे आहेत.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय दंडसंहितेत १८७० मध्ये आला. त्याला कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. नव्या भारतीय न्याय संहितेने ती पाच वर्षे केली आणि पळून जाणाऱ्या चालकासाठी कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली. या पोटकलमाच्या भाषेकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२३ मधील मूळ विधेयकात घटनास्थळावरून पळून जाणारा ‘किंवा’ घटनेची माहिती न देणारा, अशी शब्दयोजना होती. म्हणजे मारहाणीच्या भीतीने निघालेला, पण पुढच्याच ठाण्यात जाऊन सर्व सांगणारा चालकही गुन्हेगार ठरला असता. डिसेंबरमध्ये संसदेने संमत केलेल्या मसुद्यातून तो ‘किंवा’ गेला. पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणे, एवढाच गुन्हा उरला. एका उभयान्वयी अव्ययावर माणसाची दहा वर्षे अवलंबून असू शकतात, हे व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सांगितले जात नाही.

हा फरक चालकांपर्यंत पोहोचला नाही. दहा वर्षांच्या कैदेबरोबर सात लाख रुपये दंड होणार, अशी आवई उठली. वास्तविक पोटकलमात दंडाची रक्कम दिलेलीच नाही. १ जानेवारी २०२४ रोजी अनेक राज्यांत ट्रक आणि टँकर जागच्या जागी उभे राहिले. नागपूरसह कित्येक शहरांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केली आणि तिच्याशी विचारविनिमय केल्याशिवाय हे पोटकलम लागू होणार नाही, असे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ रोजी न्याय संहिता अमलात आली ती हे पोटकलम वगळून. चालकांची एक शंका अनाठायी नव्हती. कळवायचे ते ‘घटनेनंतर लवकरच’, असे नवे पोटकलम म्हणते. म्हणजे किती वेळात, ते सांगत नाही. जुन्या कायद्यात निदान २४ तास लिहिलेले आहेत.

या साऱ्या वादात मृताच्या घरच्यांचा विचार मागे पडतो. वाहनच सापडले नाही तर भरपाई मागायची कोणाकडे? अशा मृत्यूसाठी १९८८ च्या कायद्यात ८,५०० रुपये ठरवले होते. १९९४ मध्ये ते २५,००० झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख. गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात. परंतु अशी योजना आहे हेच अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये, चालकांच्या संपाला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की अपघाताची नोंद झाल्यापासून एक महिन्यात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्याने जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाई मागता येते हे लेखी कळवावे.