जीपचे टायर कसे निवडावेत?

(कच्च्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी बेताच्या पैशात चांगले टायर कसे घ्यावेत, हे या पाठात सांगितले आहे. खरी काटकसर कशाला म्हणावे, याचाही विचार पाठात आला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, डांबरी रस्ता जिथे संपतो, तिथे सगळ्यांचा प्रवास संपत नाही. सह्याद्रीच्या डोंगरात आणि सातपुड्याच्या पाड्यांवर अनेक वस्त्या कच्च्या वाटेच्या टोकाला आहेत. तिथे जीप हीच बस असते आणि वेळप्रसंगी रुग्णवाहिकाही. बाजाराचा भाजीपाला तिच्यातून जातो. अडलेली बाळंतीणही तिच्यातूनच दवाखान्यात पोहोचते. अशा वेळी जीप चिखलात रुतली तर काय होईल, याचा विचार करा.

जीप कितीही दणकट असली, तरी जमिनीला तिचे फक्त टायर टेकतात. प्रत्येक टायरचा जेमतेम हाताच्या पंजाएवढा भाग एका वेळी जमिनीवर असतो. गाडीची सारी पकड त्या चार पंजांवर अवलंबून असते. हवा भरलेला टायर जॉन डनलॉप यांनी 1888 साली बेलफास्ट शहरात तयार केला, तो आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. आज त्याच कल्पनेवर जगभरच्या गाड्या धावतात.

टायर निवडताना आधी दुकानात जाऊ नका. आधी आपली वाट ओळखा. काळी माती पावसात चाकाला चिकटते. तिथे खोल आणि रुंद खाचांची नक्षी हवी, म्हणजे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. खाचा अरुंद असतील, तर त्या चिखलाने भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन घसरतो. जिथे टोकदार दगड आहेत, तिथे टायरची बाजू मजबूत हवी, कारण दगड बहुधा बाजूच चिरतो.

मग सर्वांनी चिखलाचेच टायर घ्यावेत का? नाही. असे टायर महाग असतात. डांबरी रस्त्यावर ते आवाज करतात, लवकर झिजतात आणि इंधनही जास्त खातात. म्हणून हिशेब करा. शंभर किलोमीटरपैकी ऐंशी किलोमीटर डांबरी रस्ता असेल, तर मध्यम नक्षीचा, दोन्हीकडे चालणारा टायर पुरेसा आहे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण इथेही लागू पडते.

दुकानात नायलॉन आणि रेडियल असे दोन प्रकार मिळतात. नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून बसवलेले असतात. तो स्वस्त असतो आणि त्याची बाजू जाड असते. पण लांब पल्ल्यावर तो जास्त तापतो. रेडियल टायरची किंमत अधिक असते. मात्र तो सहसा जास्त दिवस टिकतो. एकाच आसावर एक नायलॉन आणि एक रेडियल, असे कधीही लावू नये.

आता टायरच्या बाजूवरचे आकडे वाचायला शिका. समजा, त्यावर 215/75 आर 15 असे लिहिले आहे. 215 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के. 15 म्हणजे आतल्या लोखंडी रिंगचा व्यास इंचांमध्ये. पुढे 100 हा आकडा असेल, तर तो टायर 800 किलो भार पेलू शकतो. जवळच एका चौकटीत चार आकडे असतात. 3523 याचा अर्थ, 2023 सालच्या 35 व्या आठवड्यात तो तयार झाला. रबर पडून राहिले तरी कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. म्हणून स्वस्त मिळतो म्हणून फार जुना टायर घेऊ नका.

किंमत पाहताना केवळ चिठ्ठीवरचा आकडा पाहू नये. समजा, एक टायर 5,000 रुपयांना मिळतो आणि 25,000 किलोमीटर चालतो. त्याचा खर्च किलोमीटरला 20 पैसे झाला. दुसरा 8,000 रुपयांचा आहे, पण 50,000 किलोमीटर चालतो. त्याचा खर्च 16 पैसेच झाला. मग स्वस्त कोणता?

पैसे कमी असतील तर रिमोल्ड टायरचाही विचार करता येतो. जुन्या टायरचा सांगाडा चांगला असेल, तर त्यावर नव्या रबराचा थर चढवतात. ट्रक आणि बसच्या मागच्या चाकांना असे टायर सर्रास लावतात. पुढच्या चाकांना मात्र लावू नयेत, कारण गाडीचे वळण त्यांच्या हाती असते. आणखी एका गोष्टीपासून सावध राहा. काही जण झिजलेल्या टायरवर नव्या खाचा कोरतात, काळा रंग लावतात आणि तो चांगला म्हणून विकतात. तिथे रबराचा थर इतका पातळ उरतो, की टायर केव्हाही फुटू शकतो.

घेतलेला टायर जपणे ही सर्वांत मोठी बचत आहे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. झिजत झिजत नक्षी त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खाच फक्त 1.6 मिलिमीटर उरली. मग टायर बदलावाच. चिखलात किंवा वाळूत हवा थोडी कमी केली, तर टायर पसरतो आणि पकड वाढते. पण डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा पुरेशी भरा. कमी हवेवर वेगाने धावणारा टायर तापून फुटतो. स्टेपनीतील हवाही दर महिन्याला तपासा. रात्री, घाटात, रुग्ण गाडीत असताना रिकामी स्टेपनी काय कामाची?

मित्रांनो, कमी पैसे देणे म्हणजे काटकसर नव्हे. जिथे वाचवता येते तिथे वाचवावे आणि जिथे जीव टांगलेला असतो तिथे हात आखडू नये, हीच खरी काटकसर. उद्या तुम्ही गाडीचे मालक व्हाल, चालक व्हाल किंवा गॅरेजमधले कारागीर व्हाल. तेव्हा तुमच्या निवडीवर गाडीतल्या सगळ्यांचा विश्वास असेल.

शब्दार्थ
काटकसर – किफायत
रुतणे – चिखलात अडकणे
जेमतेम – कसाबसा, मुश्किलीने
आस – दोन चाकांना जोडणारा दांडा
हात आखडणे – खर्च करायला कचरणे

स्वाध्याय
1. काळ्या मातीत कोणत्या प्रकारची नक्षी हवी? का?
2. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर का लावू नयेत?
3. टायरवर 1224 हे आकडे आहेत. तो केव्हा तयार झाला?
4. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या अर्थाची उर्दू म्हण सांगा.
5. जवळच्या पंक्चरच्या दुकानात जा. एका टायरवरील आकडे वहीत लिहून त्यांचा अर्थ मराठीत लिहा.