आधी पट्टी काढ

दुकानाची किल्ली तुला दिली त्या दिवशी कॅमेरे, लाइटा, बॅटऱ्या, उधारीची वही, सगळं मोजून दिलं. एक वस्तू मोजायची राहिली. मागच्या खोलीत, जिथं आता तुझा प्रिंटर आहे, तिथं वरच्या फळीवर तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा एक गोल आहे. रुपयाएवढा. तो कचरा समजून टाकू नको. एन्लार्जरचा उजेड कागदावर पडत असायचा तेव्हा तो गोल चेहऱ्यावर हलवत धरायचा, म्हणजे तेवढा भाग कमी काळा पडायचा. हलवत अशासाठी, की हात थांबला की चेहऱ्याभोवती रिंगण उठतं आणि टचिंग केल्याचं आंधळ्यालाही दिसतं. अख्ख्या मेहकर तालुक्यातल्या नवरदेवांची उन्हानं करपलेली तोंडं मी त्या गोलावर सावरली आहेत.

आता ते काम तू चॅटवाल्या एआयला सांगतोस. मला त्याचं वावडं नाही. दोन हंगाम तुझ्या बाजूला स्टुलावर बसून बघतोय, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटतो. पण तुझी घाई बघून मला धडकी भरते. एका लग्नाचे बाराशे फोटो, एकच वाक्य, आणि एंटर. अरे बाप्पा.

ब्रोमाइडचा कागद महाग होता. म्हणून मोठी प्रिंट काढायच्या आधी कागदाची बोटभर पट्टी कापायची. तिच्यावर पुठ्ठा धरून तो पाच-पाच सेकंदांनी सरकवत न्यायचा. डेव्हलपरमध्ये घातली की एकाच पट्टीवर चार छटा उमटायच्या, त्यातली बरोबर कोणती ते ठरवायचं आणि मगच अख्ख्या कागदाला हात लावायचा. तुला कागदाचा खर्च नाही म्हणून तू पट्टी काढत नाहीस. काढत जा. बाराशेतले पाच फोटो घे. चांगले घेऊ नको, वाईट घे: एक भर दुपारच्या उन्हातला, एक मांडवाच्या कापडाखालचा, एक हळदीचा, एक रात्री एलईडी वॉलसमोरचा, आणि एक असा की ज्यात म्हातारं माणूस आहे. या पाचांवर निभावलं तर पुढं जा.

म्हाताऱ्या माणसाचं का, ते सांगतो. तू सांगितलं होतंस, "चेहऱ्यावरचे डाग काढ." त्यानं काढले. अल्बम घरी गेला, आणि चार दिवसांनी नवरीची आजी नातवाच्या मोटारसायकलवर बसून दुकानात आली. अल्बम टेबलावर उघडला, एका चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "भाऊ, हे कोण हाय?" नातू हसून म्हणाला, "तूच ना व आजी." तिनं फोटोतल्या हनुवटीवर बोट फिरवलं, मग स्वतःच्या हनुवटीवर फिरवलं. तीन हिरवे ठिपके. कपाळावरचंही गेलं होतं. गोंदण त्याला डाग वाटलं. तू त्या वेळी चहा आणायला गेला होतास, म्हणून तुला हे नीटसं माहीत नाही. ते पान मी आपल्या खर्चानं पुन्हा छापून दिलं.

आम्हीही टचिंग करायचो. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल टोकरून सुरकुत्या हलक्या करायच्या, देवीचे वण झाकायचे. पण पेन्सिल हातात असली की हात कुठं चालला ते डोळ्याला दिसतं. चॅटला फोटो दिलास की तो बहुतेक वेळा त्या फोटोला हात लावतच नाही. त्याच्याकडं बघून नवा फोटो तयार करतो. मूळच्यासारखा दिसणारा, पण नवा. म्हणून नथीतले मोती कमी-जास्त होतात, तांड्यावरच्या लग्नातल्या कांचळीचे आरसे सहाचे नऊ होतात, हाताच्या बोटांचं तर विचारूच नको. खामगावच्या चांदीच्या कॅटलॉगचं काम येतं तेव्हा हे ध्यानात ठेव. ताटावरची वेलबुट्टी त्यानं आपल्या मनानं सुधारली तर ते ताट दुकानदाराकडं नाहीच, मग गिऱ्हाइकाला तो दाखवणार काय? चांदीला फक्त मागची भिंत साफ करून दे. भांड्यावरची चमक आणि काळपट रेघ जशी आली तशी राहू दे.

शिवाय परत येतो तो फोटो बहुतेकदा लहान असतो. करिझ्मा अल्बमचं पान १२ बाय ३६ इंचाचं. ३०० डीपीआयनं हिशेब केलास तर १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात. हजार-दीड हजार पिक्सेलचा फोटो तीन ते पाच इंचांत संपला. मोबाईलवर झकास दिसतो, पानावर ताणला की मेणाचा पुतळा.

आणि त्याच्याशी बोलताना शब्द जपून वापर. तो मराठी समजतो, चांगलीच समजतो, तिथंच घोळ आहे. "फोटो उजळ कर" म्हटलंस की उजेड वाढवायचा की नवरीचा रंग गोरा करायचा? आपल्या भाषेत उजळ म्हणजे दोन्ही. सोयरिकीत बसलेली माणसंही तोच शब्द वापरतात, मग त्याचा काय दोष. त्यानं नवरी गोरी केली आणि शेजारी बसलेली तिची सख्खी बहीण होती तशी ठेवली. एका पाटावर दोन देशांतल्या पोरी. त्यापेक्षा "एक्स्पोजर अर्धा स्टॉप वाढव, कातडीचा रंग बदलू नको, चेहऱ्याला हात लावू नको" असं सांग. काय करायचं ते एकदा, काय करायचं नाही ते दोनदा.

एकसारखा रंग हवा असेल तर त्यासाठी चॅट लागतच नाही. लाइटरूममध्ये एक फोटो जमव आणि बाकीच्यांवर सिंक कर. मात्र ढीग विधीप्रमाणं लावू नको, उजेडाप्रमाणं लाव. हळद सकाळी अंगणात लागली आणि उरलेली मांडवात, तर ते दोन ढीग. हळदीच्या फोटोला ऑटो व्हाइट बॅलन्स कधीच देऊ नको. त्याला पिवळं जास्त दिसतं म्हणून तो पिवळं काढायला जातो, आणि नवरीचं तोंड निळसर पडतं.

लोणारचं आठवतं का? २०२० चा जून. लॉकडाऊन होतं, तू दहावीत का अकरावीत होतास. सरोवराचं पाणी गुलाबी झालं. मी कडेवरून फोटो काढला आणि घरी येऊन पाहिला तर माझाच माझ्यावर विश्वास बसेना. सुमारे १.८ किलोमीटरची ती वाटी मी जन्मभर हिरव्या पाण्यासकट बघत आलो. ज्यांना ज्यांना फोटो पाठवला त्यांतल्या निम्म्यांनी विचारलं, "काका, रंग टाकला का?" उपग्रहाच्या फोटोंतही गुलाबी दिसलं तेव्हा कुठं लोक गप्प झाले. वनखात्यानं पाण्याचे नमुने तपासायला पाठवले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं, की हे हॅलोआर्किया नावाच्या, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांचं काम. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला, ते माजले, आणि त्यांच्या अंगचा रंग पाण्याला आला. ते तळाशी बसले की वरचं पाणी पुन्हा नितळ.

आता विचार कर. तो फोटो तू आज चॅटला दिलास आणि म्हणालास, रंग नैसर्गिक कर. त्यानं लोणारचे हजारो हिरवे फोटो पाहिलेले. तो पाणी हिरवं करून देईल, वर छान झालं असंही म्हणेल. त्याला नेहमीचं ठाऊक आहे. त्या दिवशी कडेवर काय होतं ते तुला ठाऊक आहे, कारण ऊन तुझ्या डोक्यावर होतं. म्हणून लग्नात प्रत्येक जागी एक फोटो पांढऱ्या कागदाचा काढत जा, आणि खरा रंग कोणता होता ते खिशातल्या चिठोऱ्यावर लिहून ठेव. शालू वांगी होता की जांभळा, यावरून रडारड झालेली मी पाहिली आहे.

मग त्याला काम कोणतं द्यायचं? हमालीचं दे. भरपूर दे. त्यात त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही.

सिलेक्शनचं घे. नवरदेवाचा मेसेज येतो: "५६, ७८ ते ८५ (८१ सोडून), आत्याचा मोठा, १०२ दोनदा, आईला विचारून सांगतो." अशा आठ-दहा चिठ्ठ्या, निम्मे आकडे मराठी, निम्मे इंग्रजी. आम्ही हे रात्र-रात्र जुळवायचो. हे त्याला चिकटव आणि सरळ यादी कर म्हण, न कळलेलं वेगळं लिही म्हण. मग त्या यादीप्रमाणं फोटो उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवणारी स्क्रिप्ट मागून घे. फोटो त्याला द्यायचेच नाहीत, फक्त काम सांगायचं. स्क्रिप्ट आपल्या कॉम्प्युटरवर चालते, लोकांच्या लेकीबाळी दुकानाबाहेर जात नाहीत.

स्क्रिप्ट चालवायच्या आधी प्रत्येक ओळ मराठीत समजावून घे. आणि पहिल्या वेळी त्याला म्हण, नुसतं काय करणार ते दाखव, करू नको. ही सुद्धा पट्टीच. इमेजमॅजिक नावाचं फुकटात मिळणारं जुनं हत्यार आहे, त्याच्या आज्ञा तो तुला वारंवार देईल. त्यातली मॉग्रिफाय ही आज्ञा दुसरं फोल्डर सांगितलं नाही तर मूळ फाइलवरच नवी लिहिते. मूळ गेलं ते गेलं. एक्झिफटूल त्या मानानं सोशिक, ते मूळ फाइलच्या नावाला शेपूट लावून बाजूला ठेवतं.

नावांवरून आपलं एकदा हसं झालंय. दोन कॅमेरे, दोन्ही एकाच कंपनीचे, दोघांतही त्याच आकड्याची फाइल. एका फोल्डरमध्ये ओतले आणि दुसऱ्यानं पहिल्याला गिळलं. वरमाईचा एकही फोटो उरला नाही. कार्ड पुसलं नव्हतं म्हणून वाचलो. तेव्हा नावाच्या आधी कॅमेऱ्याचं अक्षर लावून घे, आणि तेच नाव आधीपासून असेल तर स्क्रिप्टनं थांबलं पाहिजे असं बजाव. काम झाल्यावर मोजून घे. तो म्हणेल, "सगळे झाले." मार्केट यार्डात सोयाबीनचे कट्टे उतरले असं हमाल म्हणाला म्हणून कोणी पावती फाडत नाही.

परीक्षेच्या फॉर्मांचे दिवस आले की पोरांची रांग लागते. बँकेच्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. अशा आकड्यांना स्क्रिप्ट उत्तम. फक्त फाइल हलकी करताना आतली माहिती पुसली की उभा फोटो आडवा पडतो, म्हणून आधी ऑटो-ओरिएंट, मग पुसणं. फॉर्मच्या फोटोत चेहरा मात्र जसाच्या तसा. परीक्षेच्या दारात चेहरा पोरालाच जुळवून दाखवायचा आहे.

शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो चॅटला टाकायचेच नाहीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं ते मूल आणि आई-बापाची संमती लागते, हे आहेच. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

गारपिटीनंतर कोणी पडलेल्या तुरीचा फोटो घेऊन आला, जरा साफ कर म्हणाला, तर त्याची प्रिंट काढून दे आणि पैसेही घेऊ नको, पण साफ करू नको. पंचनाम्याच्या कागदासोबत लागणारा फोटो साफ झाला की त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात नुकसान त्या शेतकऱ्याचंच.

तेरवीसाठी घोळक्यातून चेहरा काढून मोठा करायचं काम येईल. त्यात नखाएवढा चेहरा असतो आणि चॅट त्याला टपोरे डोळे देतो. घरच्यांना आधी साधा मोठा केलेला, धूसर फोटो दाखव. पुष्कळदा तोच पसंत पडतो.

उद्या लोणारचं लग्न आहे. निघायच्या आधी दोन्ही कॅमेऱ्यांनी दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा एकेक फोटो काढ. कॅमेऱ्यांची घड्याळं मागं-पुढं असली की वेळेप्रमाणं फोटो लावताना अक्षता आधी पडतात आणि अंतरपाट नंतर धरला जातो. त्या एका फोटोवरून किती मिनिटांचा फरक ते कळतं, आणि एक्झिफटूल एका कॅमेऱ्याच्या सगळ्या वेळा तेवढ्या सरकवतं. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे. ते नीट करायला जाऊ नको. दोन्ही कॅमेऱ्यांनी तेच टिपलं म्हणजे झालं.