कूगर दिसला, पण सापडला नाही

एखाद्या शेतकऱ्याने अमुक प्राणी आपल्या डोळ्यांनी पाहिला असे सांगावे आणि संबंधित सरकारी खात्याने त्या प्राण्याच्या अस्तित्वाचा पुरावा नाही असे उत्तर द्यावे, तर दोघांपैकी खरे कोणाचे मानायचे? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात आणि लगतच्या कॅनडात हा प्रश्न कित्येक दशके गाजत आला आहे. वादाचा विषय आहे कूगर नावाचे मांजरकुळातील एक मोठे जनावर. आमच्या द्वितीय वर्षाच्या अभ्यासक्रमात भारतीय तत्त्वज्ञानातील प्रमाणविचार आहे. तो वाचत असतानाच या वादाची हकीकत वाचनात आली, आणि वर्गात रुक्ष वाटलेली एक-दोन प्रकरणे तिच्यामुळे उलगडली. म्हणून हा लेख.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. कूगरलाच प्यूमा, पहाडी सिंह, पँथर, कॅटामाउंट अशी कितीतरी नावे आहेत. आकाराने तो साधारण आपल्या बिबट्याएवढा. नराचे वजन बहुधा ५० ते ७० किलो भरते. मोठ्या जनावराच्या अंगावर ठिपके मात्र नसतात (पिलांच्या असतात). रंग वाळलेल्या गवतासारखा, शेपटी लांब आणि जाड. तो डरकाळी फोडत नाही. एकटा राहतो, दिवेलागणीनंतर हिंडतो आणि मुख्यतः हरणांवर जगतो. माणसाच्या दृष्टीस पडणे तो होता होईतो टाळतो, आणि पुढील साऱ्या घोळाचे मूळ त्याच्या या स्वभावात आहे.

एके काळी हा प्राणी अटलांटिक किनाऱ्यापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत सर्वत्र होता. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी पूर्वेकडील जंगले तोडून शेते केली, हरणे मारून संपवली आणि कूगरच्या डोक्यावर बक्षिसे लावली. व्हरमाँट राज्यात १८८१ मध्ये बार्नार्ड या गावी मारलेला कूगर तेथील शेवटचा समजला जातो. भुसा भरलेले त्याचे धूड माँटपेलियरच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात १९३२ मध्ये आणि मेन राज्यात १९३८ मध्ये एकेक कूगर मारला गेला. पूर्वेकडील मूळ कूगरची खात्रीलायक नोंद तेथे संपते. पश्चिमेच्या डोंगराळ मुलखात तो टिकून राहिला, आणि अगदी दक्षिणेला फ्लॉरिडाच्या दलदलीत थोडेसे उरले.

नोंद संपली तरी 'दिसला' म्हणणारे थांबले नाहीत. पुढे पूर्वेकडील बरीच शेते पडीक पडून तेथे पुन्हा जंगल वाढले, हरणेही भरमसाट झाली, आणि खेडोपाडी कूगर पाहिल्याच्या बातम्या येऊ लागल्या. कोणी गुरांना चारा घालायला गेले असता कुंपणापाशी पाहिला, कोणी मोटारीच्या दिव्यांच्या झोतात रस्ता ओलांडताना पाहिला. १९७३ मध्ये केंद्र सरकारने 'पूर्वेकडील कूगर' हा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला. म्हणजे जो आहे की नाही हे ठाऊक नाही त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि जो पाहिल्याचे सांगे त्याला खात्याकडून उत्तर मिळे की, तुम्ही पाहिले ते रानमांजर असेल, कोल्ह्याच्या जातीचा कायोटी असेल, नाहीतर शेजाऱ्याचे पिवळे कुत्रे असेल.

हे उत्तर ऐकून राग येणे स्वाभाविक आहे. परंतु खात्याची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. आलेल्या बातम्यांपैकी फार मोठा भाग खरोखरच चुकीचा निघतो. पुष्कळ ठसे कुत्र्याचे असतात: कुत्र्याच्या पावलात नखे उमटतात, कूगर चालताना नखे आत ओढून घेतो. संध्याकाळच्या उजेडात अंतराचा अंदाज चुकला की घरचे मांजरही मोठे दिसते. सर्वांत बोलकी गोष्ट अशी की, अनेकांनी 'काळा पँथर' पाहिल्याचे सांगितले आहे. काळ्या रंगाच्या कूगरची एकही सिद्ध नोंद आजवर कोठेही झालेली नाही. याशिवाय पाळलेले कूगर निसटतात किंवा मालक कंटाळून सोडून देतात, हाही एक प्रकार आहे. सापडलेल्या काहींच्या आनुवंशिक तपासणीत दक्षिण अमेरिकेतील वंश आढळला. अशी जनावरे तिकडून चालत आलेली असणे अशक्यच.

दुसऱ्या बाजूने, खात्याच्या कोरड्या उत्तरांमुळे लोकांत अफवा पसरल्या. हरणे कमी करण्यासाठी खात्यानेच गुपचूप कूगर सोडले आणि आता ते नाकबूल करीत आहेत, अशी कथा एकाहून अधिक राज्यांत सांगितली जाते, आणि खात्यांना तिचा जाहीर इन्कार करावा लागला आहे. ज्याच्यावर विश्वास ठेवला जात नाही तो समोरच्यावर विश्वास ठेवीनासा होतो.

आता प्रमाणविचाराकडे वळू. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती 'अनुपलब्धी' हे एक स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून 'येथे घडा नाही' हे ज्ञान होते. परंतु नुसते न दिसणे पुरत नाही. ती अनुपलब्धी 'योग्य' असावी लागते: घडा तेथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. भरपूर उजेडात घडा दिसला नाही तर तो नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही तर काहीच म्हणता येत नाही.

ही कसोटी कूगरला लावली की खात्याच्या म्हणण्याचे दोन तुकडे होतात. पहिला तुकडा असा: 'पूर्वेत कूगरची पिले घालून वाढणारी वस्ती नाही.' येथे अनुपलब्धी योग्य आहे असे मला वाटते. फ्लॉरिडाचे उदाहरण घ्यावे. तेथे १९९० च्या सुमारास वीस-तीस कूगर उरले होते. १९९५ मध्ये टेक्ससहून आठ माद्या आणून सोडल्या आणि आता संख्या १२० ते २३० च्या दरम्यान मानली जाते. एवढ्याशा वस्तीतून अलीकडच्या बहुतेक वर्षांत वीसच्या आसपास किंवा अधिक जनावरे मोटारींखाली मेली आहेत. ईशान्येकडील राज्यांत रस्ते आणि वाहने काही कमी नाहीत. तेथे शंभर कूगर गुपचूप नांदत असते तर वर्षाकाठी रस्त्यावर त्यांची प्रेते पडलीच असती. ती पडत नाहीत, म्हणून वस्ती नाही. हा युक्तिवाद भक्कम आहे.

दुसरा तुकडा असा: 'म्हणून तुम्ही पाहिलात तो कूगर नव्हता.' येथे मात्र खोली अंधारी आहे. एखादे एकटे जनावर हजारो चौरस मैलांच्या रानातून निघून गेले तर त्याचा पुरावा सापडलाच पाहिजे असे कसे म्हणता येईल? पहिल्या वाक्यावरून दुसरे निघत नाही. आणि ते निघत नाही हे २०११ साली एका जनावराने प्राण देऊन दाखवून दिले.

त्या वर्षी २ मार्च रोजी केंद्राच्या मत्स्य व वन्यजीव खात्याने पूर्वेकडील कूगर नामशेष झाला असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. त्यासाठी खात्याने माहिती मागवली असता ५७३ उत्तरे आली होती. १९०० सालापासूनच्या शेकडो नोंदीही तपासल्या होत्या. त्यानंतर जेमतेम शंभर दिवसांनी, ११ जूनच्या रात्री, कनेटिकट राज्यातील मिलफर्ड येथे हमरस्त्यावर एका मोटारीची धडक बसून सुमारे १४० पौंडांचा (६३ किलोंचा) नर कूगर मेला. पाळीव असून निसटला असावा, असे राज्याच्या अधिकाऱ्यांनी प्रथम सांगितले. परंतु त्याची नखे काढलेली नव्हती, खच्चीकरण झालेले नव्हते, पाळीव जनावरात बसवतात तशी ओळखखूण अंगात नव्हती, आणि कातडीखाली साळिंदराचे काटे होते. जुलैमध्ये मोंटाना राज्यातील प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्याचा वंश साउथ डकोटातील ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागातला होता. तेथून मिलफर्ड १,५०० मैलांहून अधिक, म्हणजे २,४०० किलोमीटरच्या पलीकडे आहे.

एवढेच असते तर ती एक नवलाची बातमी ठरली असती. पण त्याच जनावराची विष्ठा, केस व रक्त यांचे नमुने मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांत २००९-१० च्या हिवाळ्यात गोळा झालेले होते आणि ते जुळले. तरुण नर मादीच्या शोधात दूर जातात हे ठाऊक होते. हा पूर्वेकडे चालतच राहिला. तेथे मादी नव्हतीच. डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे एका बाईने त्याला आपल्या अंगणात पाहिले. बर्फात ठसे होते, ठशांच्या मार्गावर केस मिळाले, ते जपून ठेवले गेले आणि पुढे तेही जुळले. येथे एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या बाईचे पती त्या राज्याच्या निसर्गरक्षण खात्यातीलच निवृत्त अधिकारी होते. कोणाला बोलवायचे आणि काय उचलून ठेवायचे हे त्यांना माहीत होते. एखाद्या गवळ्याच्या अंगणात हेच घडले असते तर केस टिपायला कोण गेले असते?

न्यायदर्शनात शब्दप्रमाण सांगताना 'आप्त' कोणाला म्हणावे याची चर्चा आहे. ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान झाले आहे आणि जसे पाहिले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन म्हणतो की, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते. हे वाचले तेव्हा मला माझ्या वडिलांची आठवण झाली. त्यांना सही करता येते, वाचता येत नाही. ओढ्याकाठच्या चिखलात उमटलेले पाऊल बिबट्याचे की तरसाचे हे ते उभ्याउभ्या सांगतात. पण आमची शेळी गेली तेव्हा कचेरीत त्यांना विचारले गेले ते कागदाविषयी, पावलाविषयी कोणी विचारले नाही. अर्थात आप्त माणूसही चुकू शकतो, हे काळ्या पँथरच्या बातम्यांवरून दिसतेच. पण चूक शोधण्याकरिता आधी जागेवर जावे लागते. मिसूरी राज्याने ते ओळखले. तेथे १९९४ मध्ये अनेक दशकांनंतर प्रथमच कूगरचा पुरावा मिळाला आणि १९९६ मध्ये राज्याच्या खात्याने बातम्यांची जागेवर जाऊन तपासणी करणारे एक पथकच नेमले. पथकाला बहुतेक वेळा कुत्रेच सापडते, हे खरे. परंतु निदान पाहणी करून मग नाही म्हटले जाते.

केंद्राच्या यादीतून 'पूर्वेकडील कूगर' जानेवारी २०१८ मध्ये वगळण्यात आला. तो मुळात वेगळा उपप्रकार होता काय, याचीच आता शास्त्रज्ञांना शंका आहे. उत्तर अमेरिकेतील सर्व कूगर एकच, असे आनुवंशिक अभ्यासावरून दिसते. ते मान्य केले तर मिलफर्डला मेलेला नर परका न ठरता जुन्या घरी परतलेला ठरतो.

मिशिगन राज्यात मूळचा शेवटचा कूगर १९०६ च्या सुमारास मारला गेला होता. त्यानंतर तेथील लोक दिसल्याचे सांगत आणि खाते मान हलवी. २००८ पासून खात्याने स्वतःच एकेक नोंद सिद्ध म्हणून स्वीकारायला सुरुवात केली. स्वयंचलित कॅमेरे रानोरान लागल्यावर नोंदी शंभराच्या वर गेल्या. तरीही वस्ती नाही, पश्चिमेकडून आलेले एकटेदुकटे जनावर आहे, हे म्हणणे कायम होते, आणि वर सांगितलेल्या कसोटीने ते बरोबरच होते. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या उत्तर भागातील ऑन्टोनॅगन परगण्यात एका सामान्य माणसाला कूगरची दोन पिले दिसली. त्याने छायाचित्रे काढून खात्याकडे दिली. खात्याचे जीवशास्त्रज्ञ जागेवर गेले आणि पिले सुमारे सात ते नऊ आठवड्यांची असल्याचे त्यांनी जाहीर केले. शंभराहून अधिक वर्षांनंतर मिशिगनमध्ये मिळालेला कूगरच्या प्रजननाचा हा पहिला पुरावा आहे. आई मात्र छायाचित्रात नव्हती.