आमच्या नळाचें माहेर

गांधीबागेंतील घरांत नळास पाणी येतें, त्या वेळीं तें कोठून आलें याचा विचार फारच थोडे करितात. त्या पाण्याचें माहेर उत्तरेस, मध्यप्रदेशांतील सातपुड्यांत आहे. त्याची ओळख विद्यार्थिमित्रांस करून द्यावी, या हेतूनें हा लहानसा पाठ आम्ही लिहीत आहों.

ज्या उंचवट्यावरून पावसाचें पाणी निरनिराळ्या दिशांस वांटलें जातें, त्यास जलविभाजक म्हणतात. सातपुडा हा असाच जलविभाजक होय. त्याचें सर्वांत उंच शिखर पंचमढीजवळील धूपगड. उंची सुमारें १,३५० मीटर. उत्तरेच्या उतारावरील पाणी नर्मदेस मिळून अरबी समुद्रास जातें. कन्हान व पेंच यांचें पाणी मात्र वैनगंगा, प्राणहिता व गोदावरी या मार्गानें बंगालच्या उपसागरास पोहोंचतें. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील मुलताईच्या परिसरांत तर तापी व वर्धा या दोन्ही नद्यांचा उगम आहे. तापी पश्चिमेस सुरतेकडे जाते, वर्धा दक्षिणेस वळते. एकाच सरीचे थेंब, पण समुद्र दोन!

या डोंगराळ प्रदेशांत गोंड व कोरकू लोक शेती करितात. परासियाकडे कोळशाच्या खाणी आहेत. तेथील अरण्य पाऊस धरून ठेवितें व सावकाश सोडतें. अरण्य तुटलें म्हणजे माती वाहून धरणांत सांचते. पेंचचें पाणी तोतलाडोह व नवेगांव खैरी येथें अडवून शेतीस, कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांस आणि नागपुरास दिलें जातें. वरच्या बाजूस चौराई येथेंहि आतां धरण झालें आहे. २०१९ सालीं पाऊस लांबला, तोतलाडोहांत पाणी कमी आलें, आणि नागपुरास एक दिवसाआड पाणी घ्यावें लागलें. वरच्या लोकांसहि तहान आहेच. म्हणून तंट्यापेक्षां वांटणी बरी.

परंतु आम्हीहि कोणाच्या तरी वरच्या बाजूस राहतों, हें विसरूं नये. आमचें सांडपाणी नाग नदींतून कन्हानेस व पुढें वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणास जातें. तेथील शेतकऱ्यांस तें कसें मिळावें, हें आमच्या हातीं आहे. पालकांनीं सुटींत मुलांस नवेगांव खैरीचा जलाशय दाखवावा; परततांना नाग नदीच्या पुलावरहि क्षणभर थांबावें. दोन्ही पाणी पाहिलेला मुलगा नळ उघडा टाकणार नाहीं.