हाताशी असून न सापडलेली टिपणे

पदवीच्या शेवटच्या वर्षी भूगोल हा विषय घेतला तेव्हा, मिरजोळ्याहून रत्नागिरीस रोज वह्यांचे ओझे कशाला वाहावे, या विचाराने मी सारी टिपणे एका ॲपमध्ये, वर्गात मोबाइलवर आणि घरी लॅपटॉपवर, लिहीत गेले. आणि वर्षभर जमवलेला तो संग्रह परीक्षेच्या आदल्या रात्री समोर असूनही शोधून सापडेना, म्हणून ही हकीकत तपशीलवार नमूद करीत आहे.

विषय पायाखालचाच होता. आमच्या सड्यावरचा, म्हणजे खडकाळ पठारावरचा, जांभा दगड कसा घडतो, उष्ण आणि दमट हवेत मूळ खडकातील सिलिका पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाऊन मागे लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे कशी उरतात, खाणीत मऊ असलेला चिरा उघड्या हवेत कसा कठीण होतो, आणि फ्रान्सिस बुकाननने 1807 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तान्तात मलबारातील अशाच दगडास विटेच्या लॅटिन नावावरून लॅटेराइट का म्हटले, हे सारे मी लिहून ठेवले होते. त्या रात्री लॅपटॉपवर ‘चिऱ्यांची खाण’ हे शब्द शोधले, तर उत्तर आले की असे काही नाही. ‘ॲल्युमिनियम’ शोधले, तर निम्मीच टिपणे आली. मला रडू कोसळले.

छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करणाऱ्या काकांनी पडद्याकडे पाहून एवढेच म्हटले, “अगो, तो ऱ्या सोड, नुसतं ‘खाण’ लिही बघू.” लिहिताच सगळी टिपणे पुढे आली. कारण त्यांनी मागाहून सांगितले: ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो, एकीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते, दुसरीत र ऐवजी नुक्ता असलेला स्वतंत्र ऱ असतो. ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान 2008 साली मिळाले; त्यापूर्वीप्रमाणे अ आणि चंद्र जोडून तो आजही लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु शोध अक्षरांमागील संकेतक्रमांकांची तुलना करतो, आणि माझ्या दोन उपकरणांचे कळफलक निरनिराळे क्रमांक लिहीत होते.

म्हणून मराठीत टिपणे काढणाऱ्यांनी वर्षारंभीच ‘चिऱ्यांची’ आणि ‘ॲल्युमिनियम’ हे दोन शब्द मोबाइलवर लिहून लॅपटॉपवर शोधावेत, मग उलट करावे. एकदा जरी शोध फसला तरी दोन्हीकडे एकाच पद्धतीचा कळफलक बसवावा, आणि ते न जमल्यास प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर ‘सडा’, ‘खाडी’, ‘खाण’ असा निःसंदिग्ध लेखनाचा खुणेचा शब्द घालावा. पावसाळ्यात नेटवर्क गेल्यावर एकाच टिपणाच्या दोन विसंगत नकला होतात, ती अडचण मला लहान वाटते, कारण ती निदान दिसते. सर्व मजकूर ॲपमधून साध्या अक्षररूपात बाहेर काढता येतो की नाही, याची खातरजमा मात्र आधीच करावी. मी ती केली नव्हती, आणि मला मिळाली ती चित्ररूप पाने, ज्यांतील एकही शब्द शोधता येईना.

आता महिन्याअखेरीस छापील नक्कल काढून मी रुमालात बांधते आणि तिची अनुक्रमणिका पेनाने करते. तिच्यात ‘चिऱ्यांची खाण’ पान 14 समोर लिहिले आहे.